जुन्या गाडीच्या एसीतला गॅस वारंवार जातोय, गळती नेमकी शोधायची कशी?

तापीकाठचा_दादा
नमस्कार मंडळी. मी यावलचा, नोकरी भुसावळला, रोजचं जाणंयेणं गाडीनेच. गाडी २००७ची छोटी पेट्रोल, इंजिन एकदम ठणठणीत, विकायचा विचार नाही. त्रास फक्त एसीचा. मागच्या अखाजीला गॅस भरला, तो पावसाळ्यात गेला. दिवाळीनंतर परत भरला तो फेब्रुवारीपर्यंत टिकला. मग मेकॅनिक म्हणाला कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅस थंड करणारी जाळी) गेलाय, मार्चमध्ये नवीन कंडेन्सर बसवला, गॅस भरला, एप्रिलमध्ये पुन्हा भरला, आणि आता मे महिन्यात वीस दिवसांत परत गरम हवा. व्हॅक्यूम मारून (आतलं सगळं पंपाने ओढून) अर्धा तास दाबाच्या गेजचा काटा बघितला तर जागचा हलला नाही, म्हणून तो म्हणतो "लीकेज नाहीच, जुन्या गाडीचा गॅस असाच संपतो". दुसरा म्हणतो कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी) गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल, नऊ हजार लागतील. आईला दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या दवाखान्यात जळगावला न्यावं लागतं, तेही भर दुपारी, आणि सध्या आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. तिचे हाल बघवत नाहीत. आधी गळती नक्की कुठे आहे ते कळावं आणि मगच पैसे घालावेत असं वाटतंय. कोणी हे शेवटपर्यंत शोधून काढलंय का?

शेवभाजी_धुळे
माझ्या गाडीचंही हेच चाललंय, म्हणून इथेच बसून वाचतो. जाणकारांनी लिहा.

केळीबाग_रावेर
दादा एवढा विचार कशाला करून राहिले. माझी २००४ची आहे, दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला गॅस भरतो, दीडेक हजार जातात, जूनपर्यंत काम होतं. डॅशबोर्ड मात्र अजिबात खोलू देऊ नका, एकदा खोललेला डॅशबोर्ड परत पहिल्यासारखा बसत नाही, खड्ड्यात गाडी गेली की खडखड वाजतो. आमच्या साडूचा अनुभव आहे.

गेज_काका
जळगावला २६ वर्षं एसीचंच काम करतोय, गाड्यांचं आणि घरचंही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गॅस "संपत" नाही. पेट्रोलसारखा तो जळत नाही की खर्च होत नाही. तोच गॅस कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरला, तिथून ड्रायर, एक्सपान्शन वॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसरला, असा गोल फिरतो. कमी झाला म्हणजे बाहेर गेला. आता गाडीच्या एसीला रबरी होज असतात आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळे फ्रिजसारखा तो शंभर टक्के बंदिस्त नसतो, पाच-सात वर्षांत थोडा कमी झाला तर मी त्याला आजार म्हणत नाही. पण वीस दिवसांत गेला तर भोक आहे, यात दुमत नाही.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. व्हॅक्यूम मारल्यावर आत काही नाही आणि बाहेर वातावरणाचा दाब, म्हणजे जास्तीत जास्त १४.७ पीएसआयचा (दाब मोजायचं माप) फरक. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या भागात, आपल्याकडच्या उन्हात अडीचशेच्या वर पीएसआय असतो. बारीक भोक १४.७ला गप्प बसतं आणि अडीचशेला शिट्टी मारतं. शिवाय व्हॅक्यूममध्ये दाब बाहेरून आत असतो, त्याने एखादी सैल ओ-रिंग (जोडातलं गोल रबर) उलट आत ओढली जाऊन तात्पुरती बसते. व्हॅक्यूम हा ओलावा काढायला आहे, मोठी गळती असेल तर त्यात दिसेल, बारीक गळतीचा निकाल त्यावर लावू नये.

दादा, तीन गोष्टी सांगा. गाडी रात्रभर सावलीत उभी असताना सकाळी इंजिन सुरू न करता गेज लावला तर किती दाखवतो? गॅसमध्ये डाय (जांभळ्या टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकलाय का? आणि गाडी रोज चालते की उभी असते?

चाळीसगावची_लेक
काकांनी छान सांगितलं. माझा अनुभव कूलिंग कॉइलचा आहे म्हणून लिहिते. माझी २००९ची गाडी, कन्नड घाट चढताना एकदा अचानक गरम हवा यायला लागली, सोबत धाकटी दीड वर्षाची, घामाने नुसती निथळत होती. तेव्हा मीपण तीन वेळा गॅस भरला होता. शेवटी नाशिकला एका मेकॅनिकने डाय टाकला आणि आठ दिवसांनी बोलावलं. बॉनेटखाली कुठेच काही चमकलं नाही. मग त्याने गाडीखाली जिथून एसीचं पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी जांभळा टॉर्च मारला, पिवळा चष्मा मला दिला आणि म्हणाला ताई बघा. नळीच्या टोकाला पोपटी रंग लख्ख चमकत होता. म्हणजे आतली कॉइलच गळत होती आणि डाय पाण्यासोबत बाहेर येत होता. कॉइल काढली तेव्हा तिच्या जाळीत कडुनिंबाची पानं कुजून काळा लगदा झालेला, गाडी वर्षानुवर्षं झाडाखालीच लावायचो ना. त्यामुळे दादा, डॅशबोर्ड खोलण्याआधी ही नळी बघाच. फुकटातली तपासणी आहे.

केळीबाग_रावेर
ताई तुमचा डॅशबोर्ड नंतर वाजतो का?

चाळीसगावची_लेक
नाही हो. पाच वर्षं झाली. त्याने प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत ठेवला होता आणि क्लिपा नवीन लावल्या. माणसावर आहे ते.

तापीकाठचा_दादा
काका, मित्राकडून गेज आणला. सकाळी सहाला, अंगणात सावलीत, हवा साधारण ३० डिग्री, दोन्ही काटे ६२वर. डाय मार्चमध्ये टाकलाय असं मेकॅनिक म्हणतो, बॉनेटखाली टॉर्च मारून बघितलं तर काही दिसलं नाही. ताई, पाण्याच्या नळीशीपण बघितलं, काहीच चमक नाही. गाडी रोज चालते, रविवार सोडून.

गेज_काका
६२ म्हणजे आत पातळ गॅस उरलाच नाही, नुसती वाफ आहे. हे समजून घ्या सगळ्यांनी, कारण पुष्कळ जण इंजिन बंद असतानाचा काटा बघून "गॅस फुल आहे" म्हणतात. आर-१३४ए, म्हणजे आपल्या गाड्यांच्या एसीतला गॅस, थोडा जरी पातळ रूपात आत असेल तर उभ्या गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो, ३० डिग्रीला साधारण ९७ पीएसआय, ४० डिग्रीला १३३च्या आसपास. मग आत १०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, काटा तोच. म्हणून ९७ दिसला तर "थोडातरी आहे" एवढंच कळतं, पुरेसा आहे की नाही ते कळत नाही. पण ६२ दिसला तर नक्की बरंच काही गेलंय.

गाडी रोज चालते म्हणजे शाफ्ट सीलवर माझा संशय थोडा कमी. ज्या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात त्यांच्या सीलवरची तेलाची साय वाळते आणि तिथून गळतं, त्यासाठी थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावावा. तुमच्या केसमध्ये आधी डोळ्यांनी बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. जिथे बाकी पाइप कोरडा आणि एका जागी काळपट चिकट डाग, तिथे बोट ठेवा. जोड, होजचे दाबलेले कॉलर, कॉम्प्रेसरची पुढची बाजू, प्रेशर स्विच, आणि हो, गॅस भरायच्या दोन्ही वॉल्व्हच्या टोप्या काढून आतल्या पिनेवर साबणाचं पाणी टाका. दहा-वीस रुपयांच्या पिनेसाठी कंडेन्सर बदललेले लोक मी पाहिलेत.

पाचोरा_जिनिंग
थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे जिनिंगवर गाडी उभी असते, हवेत कापसाचा तंतू. दोन वर्षांपूर्वी एसी गार होईना, तीन ठिकाणी "गॅस गेला" म्हणून सांगितलं, एकाने भरूनही दिला, तर अजूनच बिघडला. शेवटी काय निघालं तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसाची अख्खी गादी बसलेली, पुढून बघितलं तर काही दिसत नव्हतं. पुढची जाळी काढून मागून पाणी मारलं तेव्हा ओंजळभर बोळा निघाला. गॅस आधी बरोबरच होता, उलट वरून भरल्याने हाय साइड ३५०च्या वर जायला लागली होती. तर गार होत नाही म्हणजे गॅसच गेला असं नाही. साधी खूण अशी, गाडी उभी असताना गरम आणि रस्त्याला लागल्यावर गार होत असेल तर पंखा आणि कंडेन्सर आधी बघा. कंडेन्सरवर बादलीभर पाणी ओतल्यावर लगेच गार झालं तरी तेच.

तापीकाठचा_दादा
भाऊ माझं तसं नाही, सकाळच्या थंडाव्यातही गरमच. कॉम्प्रेसरचा क्लच टक टक करून लागतो आणि दोन-तीन सेकंदांत सुटतो.

गेज_काका
तो लो प्रेशरचा स्विच, गॅस कमी म्हणून कॉम्प्रेसर वाचवतोय. त्याला वायर लावून डायरेक्ट करू देऊ नका कोणाला. गॅसबरोबरच तेल फिरतं, गॅस नाही तर तेल नाही, कॉम्प्रेसर कोरडा चालून आत घासतो आणि त्याची चांदीसारखी भुकटी सगळ्या पाइपांत जाते. मग खर्च नऊ हजारांवर थांबत नाही.

केळीबाग_रावेर
काका तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्यासारख्याने काय करावं? उन्हाळ्यात चार महिने एसी लागतो, गळती शोधायला दोन दिवस गाडी गॅरेजला, त्यापेक्षा दीड हजार परवडतात. हे हिशोबाने बोलतोय.

गेज_काका
हिशोबानेच सांगतो. प्रत्येक वेळी गॅसबरोबर थोडं तेल जातं, आणि टॉप-अप करणारा तेल टाकत नाही. किती गॅस उरला होता ते माहीत नसताना अंदाजाने भरतो, कधी कमी कधी जास्त. गळतं भोक म्हणजे ओलावा जायलाही वाट, आणि कॉम्प्रेसरचं पीएजी तेल हवेतलं पाणी मिठासारखं ओढून घेतं. चार-पाच उन्हाळे असे काढले की कॉम्प्रेसर बसतो. आणि दुसरंही सांगतो, मनाला लागतं म्हणून सांगतो. हा गॅस हवेत गेला की तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. तुम्ही वर्षाला ४०० ग्रॅम सोडला तर ते साडेपाचशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आपल्याकडे आधीच ४५ डिग्री, केळीला झळ लागून घड गळून पडतात ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत.

केळीबाग_रावेर
हे माहीत नव्हतं काका. मागच्या मे महिन्यात झळांनी बाग करपली होती आमची. यंदा गॅस भरायच्या आधी तुमच्याकडे गाडी दाखवतो.

नंदुरबारचा_नाना
वाचून जुने दिवस आठवले. माझ्याकडे १९९३ची गाडी होती, तिच्यात आर-१२ गॅस. तेव्हा गळती शोधायला मिस्तरी दिव्यासारखं एक यंत्र आणायचा, ज्योतीजवळ एक रबरी नळी, ती नळी जोडांवरून फिरवायची, गॅस ओढला गेला की ज्योत हिरवी व्हायची. अंधाऱ्या शेडमध्ये ती हिरवी ज्योत बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. आर-१२मध्ये क्लोरीन असायचं म्हणून ज्योत हिरवी, आताच्या १३४मध्ये क्लोरीन नाही म्हणून तो दिवा आता कामाचा नाही. ओझोनचा प्रश्न आला, १९८७चा माँट्रियल करार झाला आणि तो गॅस हळूहळू बंद होत गेला. मी पुढे ती गाडी १३४वर करून घेतली, त्यात आतलं जुनं मिनरल तेल काढून एस्टर तेल टाकावं लागलं कारण १३४ मिनरल तेलात मिसळत नाही आणि तेल कॉम्प्रेसरला परत येत नाही. तरीही गॅस जायचा. शेवटी कळलं की तिचे होज जुन्या पद्धतीचे, आत नायलॉनचा थर नसलेले, त्या रबरातूनच १३४ पाझरायचा. ज्यांच्याकडे इतक्या जुन्या गाड्या आहेत त्यांनी होज बघावेत. दादांच्या २००७ला हा प्रश्न नसावा.

शेवभाजी_धुळे
नाना, हिरवी ज्योत प्रत्यक्ष बघायला मिळाली असती तर मजा आली असती.

हायवे_पारोळा
एक पर्याय सांगतो, बाजारात ट्यूब मिळते, गॅससोबत आत टाकायची, आतून भोक बुजवते. आणि काही ठिकाणी १३४च्या जागी स्वस्तातला दुसरा गॅस भरतात, गार तर भन्नाट होतं. माझ्या मित्राने भरलाय.

गेज_काका
पारोळाभाऊ, हात जोडून सांगतो, दोन्ही नको. ती ट्यूब हवा आणि ओलावा लागला की घट्ट होते, आणि ओलावा सिस्टिमच्या आतही असतो. मग ती एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात बसते, आणि पुढे ज्या गॅरेजच्या मशीनला ती गाडी लागेल ते मशीनही बिघडवते. आणि तो स्वस्तातला गॅस बहुतेक वेळा प्रोपेन-ब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरचा भाऊबंद. गार होतो हे खरं. पण कूलिंग कॉइल गळली तर तो कुठे येणार? तुमच्या पायाशी, बंद काचेच्या गाडीत. तुमच्या मित्राला उद्याच सांगा, मोकळ्या जागेत जाणकाराकडून काढून घ्या म्हणावं.

हायवे_पारोळा
बरं झालं सांगितलं काका. आत्ताच फोन केला त्याला.

तापीकाठचा_दादा
अपडेट देतो. भुसावळला एक तरुण मेकॅनिक भेटला, नायट्रोजन मारून दाब टिकतो का ते बघून देतो म्हणाला. उरलेला गॅस त्याने मशीनमध्ये ओढून घेतला आणि काल दुपारी चारला १५० पीएसआयला नायट्रोजन भरून गेजसकट गाडी माझ्याकडे सोडली. सगळ्या जोडांवर साबण लावला, दोन्ही पिनांवर लावला, कुठे बुडबुडा नाही. आज सकाळी सहाला काटा १३८वर. १२ पीएसआय पडला! म्हणजे मोठी गळती ना?

मास्तर_अमळनेर
दादा थांबा, घाई नको. काल दुपारी चारला तापमान किती होतं आणि आज सकाळी किती?

तापीकाठचा_दादा
सर, दुपारी ४२ होतं, सकाळी २८.

मास्तर_अमळनेर
मग हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. मी फिजिक्स शिकवतो, एसीतलं मला फार कळत नाही, पण बंद भांड्यातली हवा थंड झाली की दाब कमी होतो हे साधं गणित आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं आणि गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे. ४२ डिग्री म्हणजे ३१५ केल्विन, २८ म्हणजे ३०१. १५० अधिक १४.७ म्हणजे १६४.७. त्याला ३०१ने गुणा, ३१५ने भागा, १५७.४ येतात, त्यातून १४.७ वजा केले की १४२.७. म्हणजे एक थेंबही गळती नसती तरी सकाळी काटा १४३च्या जवळ दिसला असता. तुम्हाला १३८ दिसला. खरी घट साधारण ५ची, बाकी ७ रात्रीच्या गारव्याने. आज दुपारी परत चारलाच, हवा ४२ असताना बघा, मग हे गणितच करावं लागणार नाही.

गेज_काका
मास्तर, नमस्कार तुम्हाला. २६ वर्षांत मी "त्याच वेळेला बघायचं" एवढंच शिकलो होतो, गुरूंनी सांगितलं म्हणून. का ते आज नीट कळलं.

चाळीसगावची_लेक
मास्तर हे माझ्या मुलाला वाचून दाखवलं, नववीत आहे. वहीत लिहून घेतलं त्याने.

तापीकाठचा_दादा
आज दुपारी चार, ४२ डिग्री, काटा १४१. चोवीस तासांत ९ पीएसआय. म्हणजे गळती बारीक आहे पण नक्की आहे. गेजच्या पाइपांच्या जोडांवरही साबण लावून बघितला, तिथून नाही. आता कूलिंग कॉइल की बॉनेटखालचं, हे कसं वेगळं करायचं? डॅशबोर्डचे नऊ हजार डोळ्यासमोर आहेत.

गेज_काका
आता सोपं आहे. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर दोन पाइप एका चौकोनी ठोकळ्याने बसवलेले असतात, बहुतेक गाड्यांत एकच नट. नायट्रोजन हळूहळू सोडून तो ठोकळा काढा, कॉइलच्या बाजूला एक प्लेट आणि बाकी सिस्टिमच्या बाजूला दुसरी प्लेट लावून दोन्ही बंद करा. मग कॉइलमध्ये वेगळा नायट्रोजन, बाकीच्यात वेगळा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा, जो पडेल तो चोर. डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.

दोन सूचना. हवेचा कॉम्प्रेसर वापरू नका, ऑक्सिजन तर मुळीच नाही, आतल्या तेलाबरोबर दाबाखाली स्फोट होऊ शकतो. नायट्रोजनच. आणि सिलिंडरला रेग्युलेटर पाहिजेच, भरलेल्या सिलिंडरात १५० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वर, तो सरळ आत सोडला तर कॉइल फुगून फाटेल. १५० पीएसआयच्या वर जाऊ नका. परत बसवताना ओ-रिंग दोन्ही नवीन, एसीच्याच, हार्डवेअरच्या दुकानातलं काळं रबर चालत नाही, आणि बसवण्याआधी त्यांना एसीच्या तेलाचं बोट फिरवा.

शेवभाजी_धुळे
माझ्या गावाकडे नायट्रोजनवाला नाही, फक्त स्निफर (गॅस हुंगून शिट्टी मारणारं यंत्र) असलेला एक आहे. त्याने चालेल का?

गेज_काका
चालेल, पण शांतपणे वापरायला हवा. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड, म्हणून पाइपाच्या खालच्या बाजूने फिरवायचा, एका सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आणि पंखा बंद, शेडमध्ये वारा नको. कॉइलसाठी ब्लोअर एक मिनिट चालवून बंद करा, पंधरा मिनिटं गाडी बंद ठेवा, मग पाण्याच्या नळीत टोक धरा. पेट्रोलची वाफ, क्लीनर, याने खोटी शिट्टी मारतो, त्यामुळे एकदा वाजला म्हणून विश्वास ठेवू नका, तिथल्या तिथे तीनदा वाजायला हवा.

पाचोरा_जिनिंग
दादा काय झालं पुढे? दोन दिवस झाले. आमच्याकडे सगळे विचारून राहिले.

तापीकाठचा_दादा
सापडली! सविस्तर लिहितो.

काकांनी सांगितलं तसं दोन भाग केले. मेकॅनिकने ॲल्युमिनियमच्या पट्टीतून दोन प्लेटा घासून बनवल्या. दुसऱ्या दिवशी चारला कूलिंग कॉइल १५०वर ठाम, जरासुद्धा हलली नाही. बाकी भाग १४०. डॅशबोर्ड वाचला. घरी आईला सांगितलं तर तिने देवाला साखर ठेवली.

मग बॉनेटखाली इंच इंच बघायला लागलो. कंडेन्सर नवीन, तिथे काही नाही. कॉम्प्रेसरच्या पुढे साबण लावला, नाही. तासभर झाला. शेवटी मेकॅनिक म्हणाला दादा बॅटरी काढू. बॅटरी काढली, खालचा ट्रे चार बोल्टांचा, तोही काढला. ट्रेखालून करंगळीएवढा ॲल्युमिनियमचा पाइप जातो, तो एका लोखंडी क्लॅम्पने बॉडीला धरलेला. क्लॅम्पातलं रबर कधीच झिजून गेलेलं, नुसतं लोखंड ॲल्युमिनियमवर घासत होतं, आणि वरून बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं ठिबकलेलं, त्यामुळे पाइपाभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी. वरून बघितलं तर पाइप चांगला दिसत होता. मी घरातून दाढीचा छोटा आरसा आणला, पाइपाच्या मागे धरला, मेकॅनिकने ब्रशने साबण फिरवला. पहिला मिनिटभर काही नाही. मग आरशात मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक, थोड्या वेळाने फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा फेस उभा राहिला. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसतं तेच बघत बसलो.

रात्री अंधारात जांभळा टॉर्च ट्रेच्या जागी मारला तर चॅसिसवर पोपटी रेघ खालपर्यंत ओघळलेली. डाय मार्चपासून सांगत होता, बॅटरी काढून कोणी बघितलंच नव्हतं.

गेज_काका
शाब्बास. थंडीत चार महिने आणि उन्हात वीस दिवस, त्याचंही उत्तर यात आलं. हा हाय साइडचा पाइप. थंडीत एसी फारसा लावला जात नाही आणि दाबही कमी. मे महिन्यात रोज तासन्‌तास अडीचशेवर दाब आणि त्यात इंजिनची थरथर.

चाळीसगावची_लेक
दादा वाचून इतकं बरं वाटलं. आईंना सांगा चाळीसगावहून नमस्कार.

केळीबाग_रावेर
पाइप नवीन घेतला का? जुन्या गाडीचे पाइप मिळतात?

तापीकाठचा_दादा
नवीन मिळाला नाही. जळगावला आर्गन वेल्डिंगवाल्याकडे नेला, त्याने झिजलेला चार इंचाचा तुकडा कापून नवीन नळी जोडून दिली. नुसतं भोक भरू नका असं तोच म्हणाला, बाजूचा धातूही पातळ झालाय. मग ड्रायर बदलला, कारण सिस्टिम इतके दिवस उघडी होती. परत नायट्रोजन, चारला १५०, दुसऱ्या दिवशी चारला १५०. मग पाऊण तास व्हॅक्यूम, थोडं पीएजी तेल, आणि बॉनेटच्या स्टिकरवर जेवढं वजन लिहिलंय तेवढाच गॅस, काट्यावर तोलून. काल दुपारी ४१ डिग्रीला लो साइड ३८, हाय साइड २५५, जाळीत थर्मामीटर धरला तर चालत्या गाडीत ९ डिग्री. आईला जळगावला नेऊन आणलं. येताना तिने स्वतःहून ब्लोअर कमी करायला लावला, आणि वाघूरच्या पुलाजवळ तर झोपलीच होती.

नंदुरबारचा_नाना
एक नंबर काम करं भो!

पाचोरा_जिनिंग
दादा शेवटचं एक, क्लॅम्पात आता रबर कसलं घातलं? माझ्याही गाडीत तसाच क्लॅम्प दिसतोय, रबर निम्मं गेलंय.

तापीकाठचा_दादा
आधी सायकलची ट्यूब घालणार होतो, मेकॅनिक म्हणाला इंजिनच्या उष्णतेने ती दोन महिन्यांत विरघळेल. हीटरच्या होजचा दोन इंचाचा तुकडा उभा चिरून पाइपावर चढवला आणि त्यावर क्लॅम्प. बॅटरीखाली प्लास्टिकचा नवीन ट्रेही टाकला. तुम्ही बॅटरी काढाल तेव्हा आरसा जवळ ठेवा, मागची बाजू वरून दिसत नाही.